दुसऱ्याच्या मापाचे कपडे

ब्लाउज शिवायला टाकायचा म्हटलं की बाई आधी कापड दाखवते, मग गळा किती खोल यावर नणंद-भावजयीचा वाद होतो, आणि तो मिटला की मी टेप हातात घेते. इतकी वर्षं माझा धंदा याच क्रमाने चालला. आता क्रम उलटा झाला आहे. कपडा आधी येतो, शिवलेला, घातलेला, कधी कधी उसवून पुन्हा शिवलेला. तो बाईला बसत नाही. मग ती माझ्याकडे येते आणि पिशवीतून काढता काढता विचारते, "काकू, मोबाइलवरून घेतला. जुना हाये, पन कापड भारी हाये. परवडला ना?"

घेऊन झाल्यावर विचारतात. घेण्याआधी कोणी विचारलं असेल तर शपथ.

शेलूबाजारात हायवेपासून थोडं आत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्यात एक शिलाई मशीन, एक कापडाच्या कडा कापून बांधणारी इंटरलॉकची, एक आरसा आणि पडदा लावून केलेला कोपरा. आठवडी बाजाराच्या दिवशी या खोलीत बसायला जागा नसायची. दिवाळीच्या आधी तर मी दारावर पाटी लावायची, आता कपडे घेणार नाही म्हणून, तरी बाया खिडकीतून पिशव्या टाकून जायच्या. आता डोळे साथ देत नाहीत, नवीन शिवणं मी जवळपास बंदच केलं. खरं सांगायचं तर नवीन शिवायला येणाऱ्याही कमी झाल्या. तयार मिळतं, तेही स्वस्तात, आणि आता तर जुनं मिळतं त्याहून स्वस्तात. याचं मला वाईट वाटतं, उगाच लपवत नाही. पण दुरुस्तीचं काम थांबलेलं नाही, उलट वाढलं. त्यामुळे फोनवरून जुना कपडा घ्यावा की नाही, यावर बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

जुन्या कपड्याचं आपल्याला कधी वावडं नव्हतं. मोठीचा फ्रॉक धाकटीला, जावेची साडी जावेला, आणि अगदीच विरली की गोधडीला. फरक एवढाच की तो कोणाचा ते माहीत असायचं. कपड्याबरोबर त्याची सगळी माहिती यायची, कुठे फाटला होता, कशाचा डाग आहे, मूळ मालकीणबाई किती जाड होती. फोनवर येतो तो फक्त फोटो. फोटो नेहमी पुढून काढलेला असतो, चांगल्या उजेडात. मी कपडा हातात आला की पहिल्यांदा उलटा करते.

उलटा केल्यावर काय दिसतं ते सांगते, म्हणजे तुमचं तुम्हाला पाहता येईल. चांगला टेलर शिवताना शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना थोडं कापड राखून ठेवतो. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. अंग भरलं तर ती सोडून कपडा मोठा करता येतो. कारखान्यातल्या कपड्याला मार्जिन नसते, इंटरलॉकचं पातं ती कापून टाकतं. म्हणून सैल कपडा घट्ट करता येतो, घट्ट कपडा सैल करता येत नाही. हे मी दिवसातून किती वेळा सांगत असेन! तरी एखादी अंगावर न चढणारा ड्रेस घेऊन येते आणि म्हणते, "थोडासा ढिला करून द्या." कुठून करू? माझ्या अंगाचं कापड लावू?

दुसरी गोष्ट रंगाची. मार्जिन सोडली की आतला रंग गडद निघतो, बाहेरचा उन्हाने उतरलेला. कपड्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा दिसतो. तिसरी गोष्ट काखेची. घामाने तिथलं कापड आतून कुजलेलं असतं, सुई घातली की फाटतं. हे तिन्ही फोटोत येत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, एकदाच वापरलेला.

आमच्या इथून वाशीमला जीप चालवणारा एक जण आहे. त्याने मेहुण्याच्या लग्नासाठी कोट मागवला. कापड खरंच उंची होतं, आतलं रेशमी अस्तर पाहून मीही दोनदा हात फिरवला. पण मूळ मालक पैलवान असावा. याचे खांदे कोटाच्या खांद्यांच्या बरेच आत संपत होते.

मी म्हटलं, "बाबा, मी लेडीज टेलर. अन् कोटाचा खांदा कोनीच कमी करत नाई. त्याले पुरा कोट उकलावा लागते."

"बाह्या काढून टाका मंग," तो म्हणाला. "खांदा तितूनच चालू होते ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी मनापासून बोलत होता. बाह्या काढल्या, कडेने पट्टी लावली, बाजूने आत घेतलं. कोटाचं जाकीट झालं. ते तो मेहुण्याच्या लग्नात घालून गेला, मग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत घालून फिरला, आणि आता जीप चालवतानाही घालतो. लोक त्याला सभापती म्हणतात. त्याचा सौदा परवडला की नाही? त्याला विचाराल तर आयुष्यात याहून चांगला सौदा केला नाही म्हणेल.

खरा परवडलेला सौदा मात्र आमच्या गावच्या शांताबाईचा. तिच्या वस्तीतली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. उसाचं पातं हात कापतं, म्हणून बाया साडीवरून पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. शांताबाईने पुतण्याच्या फोनवरून जुन्या शर्टांचा गठ्ठा मागवला आणि सगळ्या वस्तीसाठी माझ्याकडे घेऊन आली. रंग कोणता, कॉलर कशी, याचा शब्दही नाही.

"बटनं काढून टाका, काकू, उसात अटकतात. पुढून शिवून टाका. मनगटाले इलास्टिक. अन् आतून एक खिसा द्या, फोन ठेवाले, जिथून कोनाले दिसू नाई."

गठ्ठ्यात एक शर्ट गुलाबी होता, कोणा शहरातल्या पोराने पार्टीला घातलेला असावा, त्यावर चमकीचे ठिपके. तो कोणी घ्यायचा यावर माझ्या दारात हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी शांताबाईनेच घेतला. परत आल्यावर सांगत होती, उसात मुकादमाला ती लांबूनच ओळखू यायची, त्यामुळे दोन घटका बसायचीही सोय राहिली नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला घेतलं ते सांगते.

आसेगावची वनिता माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या लग्नातले ब्लाउज मी शिवले होते. तिची मुलगी पल्लवी मंगरुळपीरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. तिचं लग्न रिसोडकडच्या मुलाशी ठरलं. लग्न लागताना शालू नेसायचा, तो सासरचा. पण त्यानंतरच्या स्वागत समारंभासाठी पल्लवीला घागरा हवा होता, आणि तो स्वतःच्या पगारातून. बापाला खर्चात पाडायचं नाही, सासरच्यांचंही ऐकून घ्यायचं नाही, हे तिचं म्हणणं. मला ते पटलं होतं. तिने फोनवर लाल घागरा पाहिला, क्रीम रंगाचा भरतकामाचा काठ, तशीच चोळी, तशीच ओढणी. वापरलेला. नव्याची किंमत तिच्या आवाक्याबाहेर होती.

घरी तिने एवढंच सांगितलं की ऑनलाइन मागवला. वापरलेला हे सांगितलं नाही. घागरा आला, वनिताने शेजारच्या चार बायांना बोलावून दाखवला. आणि ओढणीची घडी घालताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. ओढणीच्या चुणीत एक गंजलेली पिन होती.

नव्या ओढणीत गंजलेली पिन कुठून येणार? वनिताने विचारलं, पल्लवीने खरं सांगितलं.

आमच्याकडे बाहेरच्या कोणाच्या अंगावरून उतरलेलं कापड घरात आलं की बाया ते आधी मीठ-हळदीच्या पाण्यातून काढतात. कोणाची नजर, कोणाचं दुखणं, जे काही असेल ते पाण्याबरोबर जावं म्हणून. सुती साडी असेल तर काही बिघडत नाही, मीसुद्धा काढीन. वनिताने मुलगी आंघोळीला गेलेली पाहून तो भरतकामाचा घागरा टबात बुडवला. पल्लवी बाहेर आली तेव्हा पाणी लाल झालं होतं. तिने ओरडून घागरा ओढून काढला. चोळी आणि ओढणी तेवढी वाचली, त्यांची पाळी यायची होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी माझ्याकडे आल्या. एकाच जीपने, पण एक पुढे बसून आणि एक मागे.

"काय झालं व?" मी विचारलं.

"मायले विचारा," पल्लवी म्हणाली.

"तिलेच विचारा, कोनाचं उतरलेलं उचलून आनलं ते," वनिता म्हणाली.

मी घागरा टेबलावर पसरला. लाल रंग क्रीम काठात उतरला होता, त्यात हळदीचे पिवळे ढग. आतलं सुती अस्तर पाण्याने आटलं होतं आणि वरच्या कापडाला ओढून धरत होतं, त्यामुळे सगळा घेर गोळा झाला होता. मी डोक्याला हात लावला.

"वनिता, तुले का समजत नाई का, भरतकामाचं कापड धूत नसतेत?"

"समजते, ताई, येडी नाई मी." तिचा आवाज चढला होता. "पन मले एक सांगा. आपला लग्नाचा शालू आपन कदी इकला का? नांदनारी बाई इकते का? जिनं इकलं तिले नवऱ्यानं सोडलं असंन, नाई तं नवराच गेला असंन. असा घागरा घालून मायी पोट्टी त्याइच्या दारात उतरन? मले भेव वाटते, ताई. बाकी कायी नाई."

"लोक अलमारीत जागा नाई म्हनून इकतेत, मम्मी," पल्लवी म्हणाली.

"तू विचारलं का तिले?"

पल्लवीने विचारलं होतं. विकणारा व्यापारी निघाला. तो म्हणाला, मॅडम, आम्ही गठ्ठ्याने घेतो, कोणाचं ते आम्हाला माहीत नाही.

वनिताने तिथेच सांगून टाकलं. घागरा दुरुस्त करा, पण तो पुन्हा विकून टाकायचा. पल्लवीने तो घातला तर आपण समारंभात पाऊल ठेवणार नाही. पल्लवी म्हणाली, दुरुस्त करा, मी तोच घालणार, आई आली नाही तरी. काम दोघींनी एकच सांगितलं, म्हणून मी ते ठेवून घेतलं. वनिता फटकळ आहे, पण जे बोलते ते करते, हे मला ठाऊक होतं. ती खरंच आली नसती. आणि आईशिवायचा तो समारंभ पल्लवीला जन्मभर सलला असता.

घागऱ्याचं काम अवघड होतं, पण करता येण्यासारखं होतं. अस्तर काढून टाकलं, तेव्हा वरच्या कापडाने श्वास घेतला. वाफेच्या इस्त्रीने घेर सरळ केला आणि आतून नवं अस्तर लावलं. डागाळलेला काठ उसवला. त्याच्या जागी लावायला तसाच काठ हवा होता, तो ओढणीचा घेतला. ओढणीला चारही बाजूंनी काठ होता, त्यातला जो खांद्याखाली, पाठीमागे जातो तो कोणाला दिसत नाही. तरी पुरला नाही, मग मागच्या बाजूला वाशीमहून आणलेली मिळतीजुळती पट्टी लावली. मिळतीजुळती म्हणजे मला कळेल, फोटोत कोणाला कळणार नाही.

मग चोळी हातात घेतली. ती पल्लवीला थोडी सैल होती, बाजूने आत घ्यायची होती. आतलं अस्तर छातीजवळ पिवळट दिसत होतं, तेही बदलायचं ठरलं होतं. नवं अस्तर मी कापून ठेवलं होतं. चोळी उलटी केली आणि हातातली कात्री खाली ठेवली.

अशा चोळीला मागे चेन असते. या चोळीलाही होती, पण ती वरून टीप मारून कायमची बंद केलेली. आणि पुढे, भरतकामाच्या बरोबर मधोमध, चोळी चिरून हुकांची पट्टी लावलेली. भरतकामावर कात्री चालवायला कोणीही टेलर सहजासहजी तयार होत नाही, मी तर नाहीच. कोणीतरी हट्टाने करून घेतलं होतं आणि कोणीतरी ते नाइलाजाने, पण नीट केलं होतं. हुक हाताने, बारीक टाक्यांनी बसवलेले. त्या माणसाला मी मनातल्या मनात शाबासकी दिली. बाजूच्या शिलाईत जुन्या टिपेच्या सुईची भोकं दिसत होती. पहिली टीप पल्लवीच्या मापाची. तिच्या बाहेर दुसरी, मार्जिन होती नव्हती तेवढी सोडलेली.

अस्तर सपाट करून पाहावं म्हणून मी इस्त्री फिरवली. कापड तापलं आणि वास आला. आंबूस, थोडा गोड. मला दोन मुलं झाली आहेत, तो वास मला कोणी सांगायला नको.

मी पल्लवीला फोन केला. म्हटलं, मापाला ये, आणि आईला घेऊन ये. ती येत नाही म्हणाली तर सांग, काकूने बोलावलं.

आल्या. वनिता दारातच म्हणाली, "झालं का, ताई? एक पार्टी तयार हाये घ्यायले." पल्लवीने पडद्याआड जाऊन घागरा घालून पाहिला. छान बसला. वनिताने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

पल्लवी आरशात पाहत मला म्हणाली, "काकू, खरं सांगा. नवं अस्तर, पट्टी, तुमची मजुरी, हे सगळं धरलं तं नवाच आला असता ना?"

"जवळपास," मी म्हटलं. "सौदा कायी फायद्याचा नाई झाला, पोरी." मी गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाही. तिचा चेहरा उतरला. वनिताने "पाह्य" असं म्हटलं नाही, पण तिच्या मानेने म्हटलं.

मग मी चोळी उलटी करून वनितापुढे ठेवली.

"हे पाह्य. हे पह्यली टीप. लग्नात ते बाई तुया लेकीएवढीच होती. हे दुसरी. मंग ते भरली. आता हे चेन पाह्य, बंद केलेली. अन् हुक पुढं. सांग बरं, मागची चेन बंद करून पुढं हुक कायले लावते बाई?"

वनिता चोळीवर वाकली. तिने स्वतःच्या वेळेला माझ्याकडून असेच तीन ब्लाउज करून घेतले होते. तिने हुकांवरून बोट फिरवलं.

"कोनाच्या तरी लग्नात तिनं हा पुन्हा घातला," मी म्हटलं. "भावाच्या, दिराच्या, मले नाई मालूम. मांडीवर तान्हं होतं. ते रडलं असंन, अन् तिनं याच्यातच पाजलं."

"तुमाले कसं मालूम?"

मी इस्त्री चालू केली. अस्तरावर फिरवली आणि चोळी तिच्या नाकाजवळ धरली. ती मागे सरली, मग पुन्हा पुढे झाली. पल्लवी आरसा सोडून आमच्याजवळ येऊन उभी राहिली.

"पुढं तिनं हे काहून इकलं ते मी नाई सांगू शकत," मी म्हटलं. "मी टेलर हाव, जोतिषी नाई. या कापडात जेवढं हाये तेवढं सांगितलं."

बाहेर जीपवाला वाशीम, वाशीम ओरडत होता. वनिताने पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे न पाहताच तिचा हात धरून तिला आपल्याजवळ ओढलं. घागऱ्याचा घेर दोघींच्या पायांत आला. मी सुईत दोरा ओवायला घेतला, म्हटलं अस्तर बदलायचं काम आता उरकून टाकू, समारंभ जवळ आला आहे.

वनिताने माझ्या टेबलावरचं कापून ठेवलेलं नवं अस्तर उचललं, त्याची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"हे राहू द्या, ताई," ती म्हणाली. "जुनंच असू द्या. तेच तिच्या आंगाले लागू द्या."